शाडूच्या चकत्या

माझी बायको सकाळी ड्यूटीवर गेली. दुपारी शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात आला आणि म्हणाला, "सर, फोन आहे." मी खडू ठेवला, ऑफिसात गेलो आणि फोन घेतला. इस्पितळाच्या मेट्रन बोलत होत्या. त्यांनी सांगितलं की वॉर्डात औषधं वाटताना ती पडली, डॉक्टरांनी प्रयत्न केले, ती गेली. मी फोन ठेवला आणि टॅक्सी बोलावली.

हे कुवेतमधलं, ऐंशीच्या दशकातलं. आम्ही फहाहीलला, बाजारामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. ती नर्स होती. मी भारतीय मुलांच्या शाळेत इतिहास शिकवत होतो. आम्हाला मूल नव्हतं. अशा वेळी काय करायचं असतं ते कुणी ना कुणी सांगत गेलं आणि मी करत गेलो. कागदांवर सह्या केल्या, तिला घेऊन विमानाने मुंबईला आलो आणि तिथून चिपळूणला, तिच्या माहेरी. नदीवर सगळं झालं. तेराव्याच्या आदल्या दिवशी तिच्या भावाने विचारलं, "भावोजी, फोटो कुठला लावायचा?"

माझ्याकडे फोटो नव्हता. कॅमेरा तिचा होता, त्यामुळे आमच्या आल्बमांत सगळे आहेत आणि ती नाही. एखाद्या गर्दीत कुणाच्या तरी खांद्यामागून तिचं अर्धं कपाळ दिसतं, तेवढंच. शेवटी तिचा पासपोर्ट स्टुडिओवाल्याकडे दिला. त्याने त्यातला फोटो मोठा केला आणि काळ्यापांढऱ्या साडीत मोरपंखी रंग भरला. तो रंग ती कधी नेसली नसती. भुवईजवळचा तीळ त्याने डाग समजून पुसला. सगळे म्हणाले, छान आलाय. फोटो खांद्याशी संपत होता.

"हात कुठे आहेत?" मी विचारलं.

तिच्या भावाने माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाला, "भावोजी, तुम्ही जरा पडा आत जाऊन."

मी पडलो. पण हातांचं मी उगाच विचारलं नव्हतं. ते सांगण्यासाठी मला सत्तरच्या दशकात, आमचा संसार तिकडे नवा असतानाच्या दिवसांत जावं लागेल.

तिच्या इस्पितळात एक सिरियन गृहस्थ एक्स-रे काढायचे. तदमुर गावचे. इतिहासाच्या पुस्तकांत त्या गावाचं नाव पाल्मिरा आहे: वाळवंटातली खजुराची बाग, काफिल्यांच्या वाटेवरचं श्रीमंत शहर, रोमन साम्राज्याच्या सिरिया प्रांतातलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते इराकमार्गे गाडी चालवत घरी जायचे आणि येताना पिस्त्याची मिठाई आणायचे. एका वर्षी मिठाईबरोबर पोस्टकार्डांचं पाकीट आणलं. आमच्या दूध घातलेल्या चहाला ते औषध घेतल्यासारखा चेहरा करायचे, पण कप रिकामा करायचे. कप तसा रिकामा करून त्यांनी पहिलं कार्ड टेबलावर ठेवलं. प्रचंड खांबांचं देऊळ होतं.

"हे बेल देवाचं. माझी आई या देवळात जन्मली."

"म्हणजे नवसाची?" माझ्या बायकोने विचारलं.

नवस म्हणजे काय हे मला इंग्रजीतून समजावून सांगावं लागलं. ते पोट धरून हसले. मग म्हणाले की त्यांच्या आईच्या लहानपणी अख्खं गावच देवळाच्या कोटाच्या आत राहत होतं. खांबाखांबांच्या मध्ये मातीची घरं होती आणि आजोबांच्या शेळ्या देवाच्या खांबाला बांधलेल्या असत. पुढे तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या फ्रेंचांनी देऊळ मोकळं करायला गाव उठवलं आणि बाहेर वसवलं.

तिसऱ्या की चौथ्या कार्डावर एक बाई होती. दगडात कोरलेली, कमरेपर्यंतची. कपाळावर पट्टी, डोक्यावरून पदर, गळ्यात एकाखाली एक माळा. उजव्या हाताने तिने पदराची कड धरली होती. डाव्या हातात सूत कातायची चाती आणि लोकर गुंडाळलेली काठी. डोळे मोठे आणि आपल्याकडे न बघता आपल्या पलीकडे बघणारे.

"अगंबाई, पदर बघा हिचा. माझी आई अस्साच धरते," बायको म्हणाली. "कुठली देवी?"

"देवी नाही. मेलेली बाई आहे. कबरीवरची."

तदमुरचे लोक थडग्यांसाठी मनोरे बांधायचे, असं त्यांनी सांगितलं. आत भिंतीभर कप्पे असत. कप्प्यात माणूस ठेवलं की तोंडाशी दगड बसवायचा आणि दगडावर त्या माणसाची अशी प्रतिमा. एकेका घराण्याची माणसं रांगेने, एकावर एक. प्रत्येकाच्या हातात काहीतरी दिलेलं. पुरुषाच्या हातात कागदाची गुंडाळी, पुजाऱ्याच्या हातात वाटी, लहान मुलाच्या हातात पाखरू आणि द्राक्षांचा घोस.

बायकोने कार्ड नाकाजवळ नेलं. तिची नजर नर्सची होती. "बोटांना सांधेच नाहीत हो हिच्या! नुसत्या शेंगा. तुम्ही हिचा एक्स-रे काढलात का?"

"काढायला हवा. माझ्या सगळ्या पेशंटांमध्ये ही एकटीच हलत नाही."

खांद्याशेजारी कोरलेल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. बाईचं नाव, तिच्या बापाचं नाव, आणि शेवटी एक शब्द: हबल. त्यांच्या गावच्या जुन्या भाषेत, अरामाईकमध्ये, त्याचा अर्थ 'हाय'.

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही."

"एवढंच? आमच्याकडे पेपरात अर्धा कॉलम जातो," बायको म्हणाली. "प्रेमळ, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीच्या, आणि खाली शोकाकुल म्हणून अख्खं गाव."

ते कार्ड त्यांनी तिलाच दिलं. तिने ते फ्रीजच्या दारावर लावलं. ते गेल्यावर कप विसळता विसळता तिने विचारलं, "अहो, मला असं कोरलं तर हातात काय द्याल?"

"विचार करून सांगतो."

"तुमचा विचार होईपर्यंत दगड झिजेल."

तेव्हापासून तो आमचा खेळ झाला. पाहुणे आले की ती कार्ड दाखवायची आणि त्यांच्या हातात काय द्यायचं ते जाहीर करायची. शेजारच्या कोल्हापूरच्या वहिनींना झारा. मला एका हातात लाल पेन आणि दुसऱ्या हातात चष्मा, "कारण तो कुठे ठेवलाय हे यांना मेल्यावर तरी कळू दे." तिच्यासाठी मी सुचवलेलं मात्र तिला काही पसंत पडलं नाही. थर्मामीटर? "ते इस्पितळाचं आहे." लाटणं? "खबरदार." कॅमेरा म्हटल्यावर ती जरा थांबली. मग म्हणाली, "कॅमेरा माझ्या हातात दिलात तर माझा फोटो कोण काढणार?"

मी पुस्तकांतून उत्तरं शोधणारा माणूस. ग्रंथालयातून पाल्मिरावरचं जाडजूड पुस्तक आणलं, मुदत वाढवत राहिलो, आणि संध्याकाळी ती भाजी निवडताना तिला त्यातलं सांगत राहिलो. त्या कबरींवर दोन भाऊ शेजारीशेजारी असतात. एकाने रोमन पद्धतीचं वस्त्र अंगाभोवती घेतलेलं असतं, दुसऱ्याने इराणी पद्धतीचा, कशिदा काढलेला पायजमा घातलेला असतो. देवांना रोमन शिपायांचं चिलखत चढवलेलं असतं, पण नावं तिथलीच, आणि चंद्रदेवाच्या खांद्यामागे कोर तशीच. लेख एका बाजूला ग्रीकमध्ये, दुसऱ्या बाजूला घरच्या भाषेत. हुकूम रोमचा, रस्ते रोमचे, पण नवस कुणाला बोलायचा हे गावाने आपल्या हातात ठेवलं होतं.

"मग आपलंच की," ती म्हणाली. "पगार दिनारात आणि देव कपाटात."

आमचे देव खरोखर कपाटात होते. हॉलमधल्या काचेच्या कपाटाचा वरचा कप्पा. गणपतीही हॉलमध्येच बसायचा. मूर्ती ती स्वतः करायची, मुंबईहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून आणवलेल्या शाडूची. एकदा विमानतळावरच्या कस्टमवाल्याने ती माती चिमटीत घेऊन हुंगली होती आणि आणणाऱ्याला विचारलं होतं की आमच्या देशात माती नाही का मिळत? मग तिकडून कशाला आणता? विसर्जन बादलीत व्हायचं आणि ते पाणी गॅलरीतल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला जायचं. आरती खिडक्या लावून, झांजा न वाजवता, टाळ्यांवर. त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

अडचण जेवणाची होती. गणपतीतल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, महाप्रसाद असायचा. राई नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत, गॅरेजांत आणि वखारींत कामाला असलेली कोकणातली माणसं, सुतार, फिटर, रंगारी, बायकामुलं गावी ठेवून आलेली, ती यायची. एक दुसऱ्याला सांगायचा, दुसरा खोलीतल्या सगळ्यांना. एका वर्षी जिना खालपर्यंत चपलांनी भरला. इमारतीच्या राखणदाराने वर येऊन विचारलं, लग्न कुणाचं आहे? कोल्हापूरच्या वहिनी म्हणाल्या, "आता गं बाई, मोजून बोलवायला पाहिजे. नाहीतर एक दिवस घर खाली करायला सांगतील."

मोजून कसं बोलवायचं, हा प्रश्न मी पुस्तकातून सोडवला. निदान मला तसं वाटलं. तदमुरच्या देवळांत उत्सवाची जेवणं असत. ज्यांना बोलावणं असे त्यांना आधी मातीची चकती मिळे, बिस्किटाच्या तुकड्याएवढी. एका बाजूला लोडाला टेकून बसलेला पुजारी, दुसऱ्या बाजूला देवाचं नाव. दारात चकती द्यायची आणि आत जेवायला बसायचं. अशा कितीतरी चकत्या तिथे मातीत सापडल्या आहेत.

"करू की," ती म्हणाली. मूर्तीचा शाडू उरलाच होता. तिने लिंबाएवढे गोळे केले, एकेक गोळा ताटलीत दाबला, वरून युनिफॉर्मच्या बटणाचा ठसा उमटवला, मग उलटा करून मागून अंगठ्याने चपटा केला. तिच्या उजव्या अंगठ्यावर आडवी खूण होती. इंजेक्शनची काचेची कुपी फोडताना कधीतरी खोल कापलं होतं. गच्चीत चकत्या वाळत घातल्या. कुवेतच्या उन्हाने त्या दोन दिवसांत खणखणीत झाल्या. राईहून नेहमी येणारा गुहागरकडचा एक सुतार होता. तिच्या माहेराजवळचा, म्हणून तिला ताई म्हणायचा. त्याच्याबरोबर त्या पाठवल्या.

शुक्रवारी मी दाराशी स्टूल टाकून, मांडीवर स्टीलचा ट्रे घेऊन बसलो. पहिल्याने खिशातून चकती काढली, कपाळाला लावली आणि पुन्हा खिशात ठेवली.

"द्या ना," मी म्हणालो.

"काय?"

"चकती. इथे ट्रेमध्ये."

त्याने मागच्याकडे पाहिलं. मागचा तो सुतारच होता. "काय ओ सर," तो म्हणाला, "प्रसाद परत मागतात काय कधी?"

"अहो प्रसाद नाही, ती खूण आहे. जेवणाची."

"गणपतीच्याच मातीची ना?"

"हो, पण..."

"ताईंनी स्वतः केली ना?"

एकाने सांगितलं, त्याची चकती खोलीत देवाच्या फोटोजवळ ठेवली आहे, ती उचलून आणणं बरोबर दिसलं नसतं. हे ऐकल्यावर ज्यांच्याकडे मुळात चकती नव्हती त्यांच्याही चकत्या खोलीत देवाजवळ निघाल्या. जिन्यात खसखस पिकली. माझा ट्रे रिकामा. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "अहो, सोडा सगळ्यांना आत! इथे काही रोमन राज्य चाललेलं नाही." आणि तिने खिचडीचा दुसरा टोप चढवला.

सगळे गेल्यावर भांड्यांच्या ढिगाशेजारी बसून ती पुन्हा पुन्हा हसत होती. "काय हो, तुमच्या तदमुरच्या लोकांनी तरी चकत्या परत दिल्या असतील का?"

मी विचार केला. "ज्यांनी दिल्या त्या मोडून टाकल्या असतील. ज्या सापडल्या त्या कदाचित कुणीतरी ठेवून घेतलेल्या."

"झालं तर. आपलं बरोबरच झालं."

त्यानंतर दर वर्षी ती चकत्या करायची, दर वर्षी मी ट्रे घेऊन दाराशी बसायचो, आणि दर वर्षी ट्रे रिकामा राहायचा. पुढे पुढे तो जेवणाआधीचा एक विधीच झाला. माणसं मुद्दाम चकती माझ्या नाकापुढे धरायची आणि खिशात टाकायची.

चिपळूणहून मी एकटा कुवेतला परत आलो, कारण शाळेचं वर्ष अर्धं होतं. फोटो ट्रंकेत, टॉवेलात गुंडाळलेला होता तसाच ठेवला. लावायला खिळा होता, भिंत होती. पण तो उघडला की मला तिचा प्रश्न ऐकू यायचा आणि फोटोत हात नव्हते, म्हणजे उत्तर द्यायला जागाच नव्हती. मी आल्बम काढून बसायचो. एका फोटोत कुणाच्या तरी पाठीवर तिची चार बोटं होती. ती तिचीच का, तेही सांगता येईना.

तदमुरचे गृहस्थ भेटायला आले. अरबीत जे म्हणतात ते म्हणाले, बसले, चहा नको म्हणाले, मग दुधाचाच मागून घेतला. जाताना फ्रीजपाशी थांबले. कार्ड उन्हाने पिवळं पडलं होतं. त्यांनी त्यातल्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि ते गेले.

त्या वर्षी आमच्याकडे गणपती नव्हता. वहिनींनी आपल्या घरी बसवला. शुक्रवारी दुपारी माझी बेल वाजली. दारात सुतार होता, नव्या इस्त्रीच्या शर्टात, आणि त्याच्या खोलीतले दोघे.

"वहिनींकडे पलीकडे आहे जेवण," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. आधी हितं आलो."

तिघे सोफ्याच्या कडेवर बसले. मग सुताराने पाकीट काढलं आणि त्यातून चकती. "ताईंची. पैल्या वर्षाची," तो म्हणाला. "दाखवतो फक्त हां सर. देत नाय." हे तो दरवर्षीसारखं म्हणाला आणि चकती माझ्यापुढे धरली.

मी ती हातात घेतली. बटणाचा ठसा झिजला होता. मी ती उलटी केली. मागे अंगठा होता. सगळ्या रेघा होत्या, गोल गोल, आणि त्यांना मधोमध छेदणारी ती आडवी खूण. माझ्या नाकापुढून इतक्या चकत्या गेल्या होत्या, पण मी त्या नेहमी ठशाच्या बाजूने पाहिल्या होत्या.

"ही मला द्याल?" मी विचारलं.

त्याने चकतीकडे पाहिलं. "सर, पाकिटात असते ही माझ्या. राईला शिडीवरून पडलो तवा पण होती. कायसुदा झाला नाय."

"तुमची आहे. नको असेल द्यायची तर राहू दे."

तो मित्रांकडे वळला. त्यांच्यातला एक म्हणाला, "अरे, नियम काय होता? चकती दिली की जेवण."

"व्हय ना," सुतार म्हणाला. "नियम तर तोच. मी काय फुकट देणार नाय, सर."

घरात तिकडची रोटी, खुबूस, आणि केळी होती. मी उठलो. तांदूळ आणि डाळ कुठल्या डब्यात आहेत ते शोधलं. फोडणीत मोहरी करपली, मीठ कमी पडलं, पाणी जास्त झालं. एक जण आत येऊन दारात उभा राहिला आणि "सर, गॅस बारीक" एवढंच म्हणून गेला. त्यांनी पलीकडचं जेवण सोडून ती खिचडी खाल्ली. सुताराने पुन्हा मागून घेतली.

"ताईंच्यासारखी नाय झाली," तो म्हणाला.

"नाही."

"पातळ हाय."

"हो."

"पन जेवलो."

पाण्याचे पेले मी स्टीलच्या ट्रेमधून आणले होते. त्याने हात धुऊन, पुसून, पेले बाजूला सरकवले, चकती कपाळाला लावली आणि ट्रेमध्ये ठेवली. मग तिघे वहिनींकडे आरतीला गेले. मी ट्रंक उघडली, फोटो काढला आणि भिंतीवर लावला.

आता मी पुण्यात असतो. बेलचं देऊळ काही वर्षांपूर्वी सुरुंग लावून पाडलं गेलं, ते मी टीव्हीवर पाहिलं. एक्स-रेवाल्या गृहस्थांचा पत्ता माझ्याकडे नाही. पोस्टकार्डावरची बाई फिकी होत होत गेली. हातात काय द्यायचं, याचं उत्तर मी तिला दिलेलं नाही. भिंतीवर मोरपंखी साडीतला फोटो आहे, आणि त्याच्या खाली फळीवर शाडूची एक चकती, ठसा खाली आणि अंगठा वर करून ठेवलेली.